कडोलीचा तंबोरा आणि प्रकाशाची साक्ष

बेळगाव शहराच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर कडोली हे गाव आहे. मराठी साहित्य संमेलनाची परंपरा नेटाने चालविणारे गाव म्हणून सीमाभागात त्याचा लौकिक आहे. गेल्या हिवाळ्यात तेथील एका भजनी मंडळाने मला दोन दिवसांसाठी बोलाविले होते. काम साधेच होते. मंडळाचा एक जुना तंबोरा कित्येक वर्षे खोळीत पडून होता. त्याच्या तारा बदलायच्या, जवारी नीट करायची आणि चार तरुण मुलांना तो लावायला शिकवायचे, एवढेच.

हे काम मला वारशाने आले आहे. माझे वडील विसाव्या वर्षी कोल्हापूर दरबारात साथीला बसू लागले आणि पुढच्याच वर्षी, १९४९ साली, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. मी त्यांच्या पन्नाशीनंतरचे अपत्य. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही. दरबारी शिस्त मात्र पुरेपूर पाहिली. तंबोरा लागल्याशिवाय घरात कोणी तोंड उघडायचे नाही, हा तिचा पहिला नियम होता.

रात्री भजन आटोपले. मंडळी पांगली. मी दिव्यापाशी बसून घोडीवर जवारीचा दोरा सरकवीत होतो. मंडळातील एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारे गाव आप्पा म्हणते, ते जवळ येऊन बसले आणि हलकेच म्हणाले, "गुर्जी, एक विचारू काय? पेपरात रोज येतंय बघा, पांढरी पावडर सापडली, तपासायला पाठवली म्हणून. तिथं नेमकं काय करतात ओ? साखर, मीठ, औषध, समदं पांढरंच की. माझा नातू पुण्यात शिकतोय. चार पोरं एका खोलीत राहत्यात. कुणाची तरी पुडी याच्या अंथरुणाखाली निघाली, अन् ती कसली हेच चुकीचं ठरलं, तर पोराचा जन्म गेला की!"

प्रश्न साधा नव्हता. मेफेड्रोन नावाचा जो अमली पदार्थ हल्ली वर्तमानपत्रांत "एम. डी." या दोन अक्षरांनी ओळखला जातो, तो २०१५ साली अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आला. त्याची व्यापारी मात्रा ५० ग्रॅम ठरविली आहे. त्याहून अधिक साठा ज्याच्याकडे सापडला आणि गुन्हा शाबीत झाला, त्याला किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी. ५० ग्रॅम म्हणजे मूठभर साखरेएवढा ऐवज. दहा वर्षे आणि मुक्तता यांच्यामध्ये उभा असतो तो एका चिमटीचा निकाल. म्हातारा माणूस घाबरला यात नवल काय?

मी उत्तरादाखल तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली. "आप्पा, डोळे मिटून सांगा, कोणती तार?" ते हसले. "खर्ज की." "कशावरून?" "आवाजावरनं." मी म्हटले, "तिथेही तेच करतात. पदार्थाला छेडतात आणि त्याचा सूर ऐकतात. छेडायला बोट नसते, प्रकाश असतो, इतकाच फरक."

हे मी केवळ समजूत घालण्यासाठी बोललो नव्हतो. संशयित पदार्थ ओळखण्याच्या ज्या दोन पद्धती आज जगभरच्या न्यायसहायक प्रयोगशाळांत वापरल्या जातात, त्या दोन्हींचा उगम संगीताच्या घरात आहे. पहिली इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त वर्णपटाची. दुसरी रामन वर्णपटाची.

विल्यम हर्शेल याचे नाव युरेनस ग्रहाचा शोध लावणारा ज्योतिषी म्हणून पुष्कळांना ठाऊक असते. पण तो मुळात आमच्या जातकुळीचा. त्याचा बाप हॅनोव्हरच्या लष्करी बँडमध्ये ओबो हे सुषिर वाद्य वाजवीत असे. मुलगा इंग्लंडात गेला, शिकवण्या करून पोट भरू लागला, बाथ शहरातील एका प्रार्थनामंदिरात ऑर्गनवादक झाला. दुर्बिणींचा नाद त्याला नंतर लागला. १८०० साली त्याने लोलकातून सूर्यप्रकाश पाडून प्रत्येक रंगात उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे ठेवलेल्या उष्णतामापकाचा पारा सर्वांत अधिक चढला. डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश म्हणजे अवरक्त प्रकाश. सप्तकाच्या खालीही सूर असतात, ते प्रत्येक कानाला ऐकू येत नाहीत इतकेच, हे एका संगीतशिक्षकाच्या लक्षात यावे ही मला योग्य गोष्ट वाटते.

दुसरे आपले चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांना नोबेल पारितोषिक प्रकाशाच्या विखुरण्याबद्दल मिळाले. पण त्याआधी कित्येक वर्षे ते वाद्यांच्या मागे लागले होते. १९२० साली त्यांनी सहकाऱ्यासह मृदंग-तबल्यासंबंधीचे निरीक्षण 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध केले. साधा ढोल बडविला तर त्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, नुसता गोंगाट होतो. आपल्या मृदंगाला मधोमध शाईचा भार असतो. त्या भारामुळे कातड्याचे नऊ प्रकारचे कंप अवघ्या पाच सुरांत एकत्र येतात आणि ते पाचही एकमेकांशी सुसंवादी असतात, असे त्यांनी पुढे दाखविले. १९२१ साली त्यांनी तंबोरा आणि वीणा यांवर लिहिले. तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूशी स्थिर राहणारे उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा युरोपीय ध्वनिशास्त्राचा नियम होता. तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात. कारण आपली घोडी धारदार नसते; ती रुंद आणि किंचित उतरती असते, आणि तार तिला हलकेच घासत राहते. ज्याला आपण जवारी म्हणतो ती हीच.

पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात त्यांनी के. एस. कृष्णन् यांच्या साथीने जो शोध लावला, त्यासाठी १९३० साली नोबेल मिळाले. तो दिवस आपण विज्ञान दिन म्हणून पाळतो. माझ्या मते तो शोधही जवारीचाच आहे. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर पाडला की बहुतेक सारा जसाच्या तसा विखुरतो. पण सुमारे कोटीत एखादा प्रकाशकण पदार्थाच्या कंपातून थोडे देऊन किंवा घेऊन परत येतो आणि त्याचा रंग बदलतो. मुख्य सुराच्या आजूबाजूला जसे क्षीण उपस्वर उमटतात, तसे हे क्षीण रंग. ते ऐकण्याइतका कान तयार करणे हेच सारे कौशल्य.

आता पदार्थाला सूर कोठून येतो ते पाहू. प्रत्येक पदार्थ रेणूंचा बनलेला असतो आणि रेणू अणूंचा. अणूंमधील बंध तारेसारखा वागतो. तार जितकी ताणलेली आणि जितकी बारीक, तितका सूर चढा; हे वाद्यकाराच्या पोरालाही माहीत असते. येथेही तोच न्याय. कार्बनला हायड्रोजनचा हलका अणू चिकटला असेल तर कंप चढा. क्लोरीनचा जड अणू असेल तर उतरता. वैज्ञानिक हे कंप एका सेंटिमीटरात किती तरंग मावतात या मापाने मोजतात. त्या मापाने पहिला सूर ३००० च्या आसपास, दुसरा ७०० च्या आसपास. कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध १७०० च्या जवळपास बोलतो. आमचा षड्ज सेकंदाला दोन-अडीचशे वेळा हलतो. हा बंध सेकंदाला सुमारे ५० लाख कोटी वेळा.

एकेका बंधाचा सूर पुष्कळ पदार्थांत सारखा असतो. पण साऱ्या रेणूचा मिळून जो मेळ होतो, तो त्या पदार्थाचा स्वतःचा. म्हणून १५०० च्या खालच्या भागाला शास्त्रज्ञ बोटाच्या ठशांचा प्रदेश म्हणतात. योगायोग असा की बोटांच्या ठशांचे जगातले पहिले कार्यालयही १८९७ साली कलकत्त्यातच निघाले.

दोन्ही पद्धती कंपच ऐकतात. मग दोन कशाला? याचे उत्तर सारंगीत आहे. सारंगीच्या मुख्य तारांखाली तरफा असतात. त्यांना कोणी हात लावीत नाही. वर जो सूर लागतो, त्या सुराची तरफ आपोआप झंकारते. इन्फ्रारेडचे तसेच आहे. पदार्थावर अवरक्त प्रकाशाचे सारे सूर एकदम सोडतात. रेणू आपापले सूर उचलून घेतो. परत आलेल्या प्रकाशात कोणते सूर गळाले, यावरून तो कोण ते कळते. रामन पद्धतीत एकच सूर ठोकतात आणि त्याच्या भोवती कोणते उपस्वर उठले ते पाहतात. काही कंप पहिलीला चांगले ऐकू येतात, काही दुसरीला. ज्या रेणूंची रचना मध्यापासून दोहों बाजूंनी अगदी सारखी असते, त्यांच्यात तर जो कंप एकीला ऐकू येतो तो दुसरीला ऐकू येतच नाही. पाण्याने इन्फ्रारेडचे कान बधिर होतात. रामनला पाणी फारसे आड येत नाही. शिवाय रामनचा किरण काचेतून किंवा पातळ प्लास्टिकमधून आत जाऊ शकतो, म्हणजे पिशवी न उघडताही अंदाज घेता येतो. याउलट काही रंगीत पदार्थ किरण पडताच स्वतःच चमकू लागतात आणि त्या चमकेत रामनचे क्षीण सूर बुडून जातात. तेथे इन्फ्रारेड कामास येते. तबला आणि डग्गा यांच्याइतकीच ही जोडी एकमेकांची गरजू आहे.

आपल्या परिसरातलेच उदाहरण घ्या. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरहून निपाणी, संकेश्वर करीत कडोलीशेजारच्या काकतीवरून बेळगावकडे जातो. समजा, पहाटे मळ्याकडे निघालेल्या एखाद्या सायकलस्वाराला मोटारीने उडविले आणि मोटार पळून गेली. सायकलीच्या दांडीवर तांदळाच्या कणीएवढा रंगाचा कपचा उरला. मोटारीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. अस्तर, रंग, वरची झिलई असे थर असतात. त्या थरांतील राळ कोणती हे इन्फ्रारेड सांगते. त्यात मिसळलेले रंगद्रव्य कोणते हे बहुधा रामन अधिक चांगले सांगते. थरांचा क्रम आणि त्यांचे सूर संशयित मोटारीच्या रंगाशी जुळले नाहीत, तर ती मोटार नव्हे असे खात्रीने म्हणता येते. जुळले, तर ती मोटार असू शकते असे म्हणता येते; कारण त्याच रंगाच्या मोटारी कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडलेल्या असतात. हा फरक वकिलांनी आणि वाचकांनी दोघांनीही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कागदपत्रांच्या तपासातही अवरक्त प्रकाशाचा उपयोग जुना आहे. साध्या डोळ्यांना सारख्याच काळ्या दिसणाऱ्या दोन शायांपैकी एक अवरक्त प्रकाशात नाहीशी होते आणि दुसरी काळीच राहते. मग "१" चा "७" कोणी नंतर केला हे उघडे पडते. शेजारच्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी बनावट मुद्रांकांच्या प्रकरणात २००१ साली पकडला गेला आणि २००७ साली पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला ३० वर्षांची शिक्षा दिली. कागद डोळ्यांना खरा दिसला म्हणजे खरा असतो, ही सीमाभागाची भाबडी समजूत त्या प्रकरणाने कायमची घालविली.

आप्पांचा प्रश्न मात्र पांढऱ्या पावडरीचा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचा कारखाना पकडला. त्या तपासात १७०० किलोंहून अधिक माल हाती लागला. धागे सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आले. कुपवाड म्हणजे तंबोऱ्यांच्या मिरजेच्या शेजारचे गाव. ज्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या उंबऱ्याशी हे निघावे याचे आम्हां गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांना फार वाईट वाटले. दोषी कोण हे ठरविणे न्यायालयाचे काम. पण काही माल मिठाच्या पाकिटांत दडविलेला होता असे जे वृत्त आले, त्यावर मला थांबावेसे वाटते.

पांढऱ्यात पांढरे लपवावे ही युक्ती डोळ्यांना फसविण्यासाठी बरी आहे. प्रकाशापुढे मात्र तिच्याइतकी वेडगळ युक्ती नाही. कारण मीठ मुके असते. मिठात रेणूच नसतात. सोडियम आणि क्लोरीन यांची एक अखंड जाळी असते. ज्या पट्ट्यात इन्फ्रारेडचे यंत्र ऐकते, त्या पट्ट्यात ती जाळी काहीच बोलत नाही; रामनपुढेही ती जवळजवळ गप्पच असते. ती इतकी गप्प की जुन्या इन्फ्रारेड यंत्रांचे लोलक आणि खिडक्या सैंधवाच्याच करीत. काचेतून तो प्रकाश जात नाही, मिठातून जातो. पावसाळी हवेत त्या खिडक्या धुरकटतात म्हणून त्यांना कोरड्या पेटीत जपावे लागते, जसे आपण तबल्याला जपतो. तपासणीचा नमुनाही पुष्कळ वर्षे मिठाच्याच कुळातल्या पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये खलून, दाबून, त्याची चकती करून तपासीत. हल्ली हिऱ्याच्या एका लहानशा खड्यावर चिमूटभर पदार्थ दाबला की मिनिटभरात वर्णपट कागदावर उमटतो. तेव्हा मिठात अमली पदार्थ लपविणे म्हणजे शांत सभागृहात चोराने खोकण्यासारखे आहे. साखरेत मिसळला तर काम कठीण होते, कारण साखर स्वतः फार बडबडी. मग आधी दोघांना वेगळे करावे लागते.

या पद्धतीचे आणखी एक वैशिष्ट्य सांगतो, कारण आप्पांच्या शंकेचे ते खरे उत्तर आहे. मेफेड्रोनच्या रेणूत कड्याला चिकटलेला एक लहान गट असतो. तो गट कड्यावर एक घर सरकविला तर वजन तेच राहते, अणू तेच राहतात, पण पदार्थ वेगळा होतो. रेणू फोडून त्याचे तुकडे तोलणारे जे दुसरे प्रसिद्ध यंत्र आहे, त्याला असे जुळे भाऊ ओळखणे जड जाते. इन्फ्रारेड आणि रामन त्यांना चटकन वेगळे करतात. वादी आणि संवादी बदलले की सूर तेच असूनही भूप आणि देसकार वेगळे होतात, तसेच काहीसे. म्हणून अशा तपासणीच्या आंतरराष्ट्रीय शिफारसींत या दोन्ही पद्धती पहिल्या प्रतीच्या गणल्या आहेत. मात्र त्या शिफारसींतच अट आहे की एका पद्धतीवर विसंबू नये. जोडीला दुसरी स्वतंत्र पद्धत हवी.

ही अट का, ते मला माझ्याच एका चुकीने शिकविले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संगीत परीक्षेत परीक्षक म्हणून मी बसलो होतो. एक मुलगी गायला आली. तिचा पंचम मला सतत चढा वाटला. मी गुण कापले. ती नापास झाली. दुपारी सहज तंबोरा तपासला तर पंचमाची तार उतरलेली. मुलगी आपल्या आतल्या षड्जाला धरून नीट गात होती. बेसूर होता तो माझा आधार. मी निकाल दुरुस्त करून घेतला, पण तोवर ती रडत घरी गेली होती. तिचे तोंड आजही माझ्या डोळ्यांपुढे येते.

यंत्राचेही असेच असते. त्यालाही रोज षड्ज लावावा लागतो. रामनच्या यंत्रासाठी सिलिकॉनचा तुकडा ठेवतात. त्याची रेघ ५२० च्या ठिकाणी पडलीच पाहिजे. इन्फ्रारेडसाठी पॉलिस्टायरीनची पातळ फीत असते; तिच्या ठरलेल्या रेघा ठरलेल्या जागी दिसल्या पाहिजेत. मिळालेला वर्णपट ज्या ग्रंथालयाशी ताडून पाहायचा, त्यात तो पदार्थ नोंदलेला असला पाहिजे. नसला तर यंत्र जवळचे दुसरेच नाव सुचवील. आणि यंत्राने नाव सुचविले तरी वर्णपट स्वतःच्या डोळ्यांनी वाचणारा माणूस हवा. काळ्या पावडरीवर रामनचा किरण जोराने सोडला तर ती पेटूही शकते. मिश्रणात एखादा पदार्थ अगदी थोडा असला तर दोघांनाही तो ऐकू न येण्याचा संभव असतो. हे सारे जाणणारा तज्ज्ञ जितका सावध, तितकीच साक्ष भरवशाची.

रस्त्यावर वापरल्या जाणाऱ्या रंगचाचणीचे उदाहरण आपल्यापुढे आहे. द्रवात पावडर टाकली, रंग बदलला, की संशय घ्यायचा; इथवर ठीक. पण कित्येक निरुपद्रवी पदार्थही तोच रंग देतात. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात अशा चाचणीवर विसंबून माणसांना धरले गेले. भीतीपोटी कित्येकांनी गुन्हा कबूलही केला. पुढे प्रयोगशाळेने सावकाश तपासले, तेव्हा अनेकांच्या पुडीत निषिद्ध असे काहीच निघाले नाही आणि शिक्षा रद्द कराव्या लागल्या. त्यांचे गेलेले दिवस कोण परत देणार?

आपल्याकडे कायद्याने काही राखण घातली आहे. जप्त मालाचे नमुने मॅजिस्ट्रेटसमोर आणि दुहेरी काढावेत असा नियम आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असे ठरविले; राज्यांना त्याची तयारी करण्यास पाच वर्षांपर्यंत मुदत दिली. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल न्यायालय पुरावा म्हणून वाचू शकते, पण त्या तज्ज्ञाला बोलावून प्रश्न विचारण्याची वाटही मोकळी आहे. मुंबईत कलिना येथे महाराष्ट्राची मुख्य प्रयोगशाळा आहे, कोल्हापुरात तिची प्रादेशिक शाखा आहे. बेळगावात कर्नाटकाची आहे.

हे सारे ऐकून आप्पा थोडे निवांत झाले. पण त्यांनी एक शंका काढलीच. "म्हणजे पुडी कसली ते कळंल. कुणाची ते?"

मी खरे तेच सांगितले. "ते यंत्र सांगत नाही, आप्पा. ते 'काय' सांगते, 'कोणाचे' सांगत नाही. ते पोलिसांनी शोधायचे, पंचांनी खरे बोलायचे आणि न्यायाधीशांनी तोलायचे." तंबोरा सूर देतो, गाणे त्याने गायलेले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारा चढविताना मुलांपैकी एकाने तंबोऱ्याच्या घोडीवर बोट ठेवले. ती पिवळसर पांढरी होती. "हस्तिदंती हाय म्हणतात. विकली तर पुष्कळ येतील काय?" माझ्या पोटात धस्स झाले. जुन्या वाद्यांत हस्तिदंत आणि सांबरशिंग असे, हे खरे. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. देशी हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ साली आणि बाहेरून आलेल्या हस्तिदंतावर १९९१ साली पूर्ण बंदी आली. विकण्याची भाषाही धोक्याची. मी त्यांना एवढेच सांगितले की ती घोडी प्लास्टिकची आहे की नाही, हे रामनचा किरण तिला ओरखडाही न काढता क्षणात सांगेल. हाड आणि हस्तिदंत यांत मात्र एकच खनिज आणि एकच प्रथिन असते; तेथे त्यांचे प्रमाण पाहावे लागते, जपून बोलावे लागते. हत्ती कोणत्या जातीचा, हे विचारायचे तर डी. एन. ए. कडे जावे लागते. तोवर वाद्य जेथे आहे तेथेच असू द्या, खरवडू नका आणि वन खात्याला विचारल्याशिवाय हलवू नका.

मग त्यांना मी व्हायोलिनची गोष्ट सांगितली. इटलीच्या स्ट्राडिव्हारीने केलेल्या व्हायोलिनांचे रोगण गूढ आहे, त्यातच त्यांच्या नादाचे रहस्य आहे, असे दोनशे वर्षे लोक मानीत आले. पॅरिसच्या वाद्यसंग्रहालयातील त्याच्या पाच वाद्यांचे सूक्ष्म कण इन्फ्रारेड, रामन आणि इतर पद्धतींनी तपासून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निघाले काय? चित्रकार वापरतात तसले सुकणारे तेल, चीडाची राळ आणि थोडे तांबडे रंग. त्या काळच्या बाजारात कोणालाही मिळण्याजोगे. वाद्य काय ल्याले आहे ते प्रकाशाने सांगितले. त्या माणसाच्या हाताविषयी तो काही बोलला नाही.

दुपारपर्यंत तंबोरा लागला. जोड मिळाली, खर्ज स्थिरावला, जवारी खुलली. आप्पा भिंतीला टेकून ऐकत होते. मी निघालो तेव्हा ते वेशीपर्यंत आले. म्हणाले, "नातवाला आज फोन करतो. खोलीत कुणाचं काय ठेवू नको म्हणून सांगतो." मी म्हटले, "जरूर सांगा. आणि तंबोरा रोज लावीत जा." त्यांनी मान डोलाविली. गाडी काकतीच्या दिशेने वळली तरी ते वेशीवर उभेच होते.